चढी दाढ

११ ऑक्टोबर

आत्या,

नमस्कार शेवटी करतो, आधी कबुली. मी एका माणसाच्या तोंडात सूड बसवला. अगदी खराखुरा, कानशीने घासून, पॉलिश मारून. परवा तो त्याच्या दाढेवर चिकटला आणि तो माणूस वर माझे आभार मानून गेला.

दचकू नकोस, पहिल्यापासून सांगतो.

मागच्या पत्रात मी 'सर्दी झालीय, म्हणून अक्षर वाकडं' असं लिहिलं होतं ना? सर्दीने अक्षर वाकडं होत नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मला मारलं होतं. तो जगप्रसिद्ध पूल, ज्याचं चित्र आपल्या बिस्किटाच्या डब्यावर आहे, त्याच्याखालच्या पायऱ्यांवर भर संध्याकाळी तिघांनी मला गाठलं. एकाने मागून कोट उचलून डोक्यावर ओढला. तुझ्या हातची शिलाई, एक टाका उसवला नाही! उसवला असता तर निदान त्यांची तोंडं दिसली असती. मी आत अंधारात आणि बाहेरून लाथा. बरगडीत, पाठीत, आणि एक अशा जागी की ती आत्याला लिहिता येत नाही. त्यांना माझी पिशवी हवी होती. पिशवीत दात करायच्या शाळेची हत्यारं. ती गेली तर शाळेतून नावच कटतं, म्हणून मी पिशवीला घोरपडीसारखा चिकटलो. तेव्हा त्यातला एक माझ्या दंडाला चावला. खोटं नाही सांगत, कुत्र्यासारखा चावला आणि मान हलवली. वरून कोणीतरी ओरडलं म्हणून पळाले. पिशवी राहिली. दंडाचा एक घास गेला.

त्या दिवसापासून या शहराकडे बघितलं की मला थुंकावंसं वाटतं. लोक लांबून लांबून येतात, पुलावर उभे राहून 'अहाहा' करतात. मी खालून बघितलाय तो पूल. खालून नुसता शेवाळाचा आणि मुताचा वास आहे.

आता गंमत ऐक. आमची शाळा या वस्तीतल्या लोकांचे दात स्वस्तात करते, म्हणून निम्म्या वस्तीची प्लॅस्टरची तोंडं, म्हणजे दातांचे नमुने, आमच्या फळ्यांवर मांडलेली आहेत. प्रत्येक तोंडाच्या बुडाला मालकाची चिठ्ठी. (याच चिठ्ठ्यांची मी पहिल्या आठवड्यात अदलाबदल करून मास्तरांकडून कान पिळून घेतला होता, ते तुला लिहिलंय.) दंडावर खूण ताजी होती तेव्हाच मी तिच्यावर गुलाबी मेण दाबून छाप घेतला होता. वरचा सुळा पिळवटलेला, शेजारी फट, मग एक तुटका कोपरा. रिकाम्या तासाला एकेक तोंड उचलायचं आणि छापावर ठेवून बघायचं. आणि आत्या, एक बसलं! किल्ली कुलपात बसावी तसं. चिठ्ठी बघितली: ट्रामचा ड्रायव्हर.

आणि देव बघ कसा असतो, त्याच आठवड्यात हा ट्रामवाला दाढेला कॅप बसवायला आला. कॅप करायची पाळी कोणाची? माझी.

कॅप उंच झाली तर डॉक्टर लगेच पकडतात. निळा कागद दातांत धरून टकटक करायला लावतात, जिथे जास्त निळं उमटेल तिथे घासतात. म्हणून मी सरळ चावताना लागणार नाही अशीच केली. पण जबडा जरा बाजूला सरकवला, की ती दाढ एकटी समोरच्या दाढेवर आपटणार. घण! जेवताना घण, झोपेत दात खाल्ले तर घण. डॉक्टरांनी टकटक करून बघितलं, 'छान' म्हणाले, चिकटवून टाकली.

आता चाव म्हणावं.

अण्णांना तब्येत उत्तम म्हणून सांग. माझा नमस्कार.

तुझा उपद्व्यापी


२९ ऑक्टोबर

कार्ट्या,

पत्र घराऐवजी दुकानाच्या पत्त्यावर घालतोस एवढं एकच शहाणपण तुझ्यात आहे. शाळेच्या गणवेशांचा ढीग पुढ्यात होता, तुझं पत्र वाचता वाचता एका पोराच्या चड्डीला तीन पाय शिवले असते.

तुला मारलं ते वाचून मशीन बंद केलं. त्या मेल्यांचे हात झडोत. दंड पिकला नाही ना? खरं लिही. तुझं 'उत्तम' मला माहीत आहे, लहानपणी गुडघा फुटून हाड दिसायचं आणि तू 'उत्तम' म्हणायचास.

मी काही गाय नाही, तुला ठाऊक आहे. परवाच कापडवाल्याने गज मारताना अंगठ्याएवढं कापड चोरलं, तोच गज घेऊन मी त्याच्या बोटांवर हाणला. पण समोर उभं राहून हाणला. तू केलंस ते विहिरीत विष कालवणं झालं. तो माणूस बापडा घास तोंडात घालणार आणि त्याला कळणारही नाही की कोण मारतंय.

आणि एक विचारू? रागावू नकोस. त्या चिठ्ठ्या तू अदलाबदल केल्यास, मग मास्तरांनी परत लावून घेतल्या. लावल्या कोणी? तूच ना? नीट लावल्यास का रे? तुला तर स्वतःच्या दोन चपला नीट लावता येत नाहीत.

इथे सगळं ठीक. तू दातांचा डॉक्टर होतोयस असं अण्णा अजूनही गावभर सांगतात. तू दात 'बनवायला' शिकतोयस, 'काढायला' नाही, हे मी दोनदा सांगितलं. माझ्या या दादाला ऐकू कमी येतं की सोयीचं तेवढंच येतं, हे वहिनीलाही आयुष्यभर कळलं नाही, तर बहिणीला काय कळणार.

आत्या


२० नोव्हेंबर

आत्या,

तुझ्या जिभेवर काळा तीळ आहे का गं? एकदा आरशात बघ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, दोन तोंडं इकडची तिकडे झाली असतील, पण नेमकी तीच कशी होतील? चार दिवसांनी कळलं, नेमकी तीच झाली.

त्याआधी काय झालं ते सांगतो. ट्रामवाल्याला ब्रेकचा दांडा ओढताना जबडा एका बाजूला करून दात खायची सवय आहे. म्हणजे दिवसभरात शेकडो घण. आठवडाभर त्याने घासही घेतला नाही, नुसतं पाणी आणि शिव्या. मग एका सकाळी मोठ्या चौकात त्याने कचकन ब्रेक लावला, दाढेत कळ गेली ती डोळ्यांपर्यंत. बरोबर त्याच क्षणी एका टकल्या साहेबाने मागून खांद्यावर छत्री टोचून विचारलं, 'आज पोचायचं आहे की नाही?' ट्रामवाला वळला आणि त्याने साहेबाच्या नाकावर गुद्दा ठेवून दिला. नाक फुटलं, रक्ताची चिळकांडी काचेवर. साहेबाने छत्रीचं टोक त्याच्या डोळ्याखाली खुपसलं. साहेबाच्या बाजूने दोघे उठले, ट्रामवाल्याच्या बाजूने कंडक्टर उठला, आणि मग कोणाच्याच बाजूचे नसलेलेही उठले, कारण सकाळी सकाळी फुकटची मारामारी कोण सोडतो! काच फुटली, एका बाईने पिशवीतल्या बटाट्यांनी दोघांना लोळवलं. ट्राम आडवी, चारी रस्ते बंद. हे सगळं कंडक्टरने आमच्या शाळेत येऊन हातवारे करून सांगितलं, सांगताना त्याच्या स्वतःच्या कानाला टाके होते.

ट्रामवाल्याला घरी बसवलंय. डेपोत चौकशी होईल आणि मग कायमचं काढतील असं दिसतं. बावीस वर्षं ट्राम चालवतोय तो. त्याने डेपोतल्या साहेबांना सांगितलं, 'दाढेने माझं डोकं फिरलं.' साहेबांनी आमच्या शाळेला विचारलं. मास्तरांनी निळा कागद घातला, टकटक करवलं, आणि लिहून दिलं की कॅपमध्ये काही दोष नाही. आता तो खोटारडाही ठरला.

तेव्हाच मास्तरांनी त्याचं जुनं प्लॅस्टरचं तोंड फळीवरून मागवलं. मी नेऊन दिलं. मास्तर एकदा प्लॅस्टर बघतात, एकदा माणूस. मग माझ्यावर खेकसले, 'हे याचं तोंडच नाही! याचा सुळा सरळ आहे!' आत्या, मी तिथे जाऊन वाकून बघितलं. सरळ होता, दोरीने आखल्यासारखा. तो माणूस मला कधीच चावला नव्हता. नवा साचा फक्त मागच्या दाढांचा घेतात, म्हणून कॅप करताना पुढचे दात मी बघितलेच नव्हते.

मास्तरांनी ट्रामवाल्याचं खरं तोंड शोधून काढलं, त्याच्या बुडाला दुसऱ्याची चिठ्ठी. शाळेखालच्या चहाच्या दुकानातल्या वेटरची. म्हणजे माझ्या छापावर बसलं ते तोंड वेटरचं. रोज मला 'काय मित्रा' म्हणून चहा देतो. हसताना ओठ मिटून हसतो, मला वाटायचं लाजाळू आहे.

ट्रामवाला जिन्यात गाल धरून बसला होता. मी खिशातलं गुलाबी मेण काढून त्याला दिलं, म्हटलं हे दाढेवर दाबून धरा. जबडा सरकला नाही की दुखत नाही, हे जगात मला एकट्यालाच माहीत! त्याला पाच मिनिटांत बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं बुवाच्या. म्हणाला, 'या अख्ख्या शहरात माझ्यावर विश्वास ठेवणारा तू एकटा.'

त्या क्षणी मला कोणीतरी कोट डोक्यावर ओढून पुन्हा लाथा घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

उपकार फेडायचे म्हणून आता तो मला शहर दाखवतो. चालवायला बंदी आहे, पण पुढच्या दांडीला धरून उभं राहायला कोण अडवतं? त्याचे दोस्त ड्रायव्हर आम्हाला घेतात. पण हे शहर तो बिस्किटाच्या डब्यावरचं दाखवत नाही. 'इथे मला पहिला दगड लागला.' 'या चौकात पोलिसांनी घोडे घातले होते, ती खूण बघ भिंतीवर.' 'या दारात माझ्या बायकोने मला पहिली थोबाडीत मारली, तेव्हा ती माझी बायको नव्हती.' कोर्टामागे एक वळण आहे, तिथे चाकं अशी किंचाळतात की आरोपी आतून उत्तर देत असतील. वळण संपलं की एकदम नदी. कोणी सांगत नाही की आता नदी येणार. येते आणि छातीत बसते.

आत्या, मी काय करू?

उपद्व्यापी


९ डिसेंबर

बाळा,

काय करू म्हणून विचारतोस, म्हणजे तुला माहीत आहे. माहीत नसतं तेव्हा तू विचारत नाहीस, करून मोकळा होतोस.

सांगून टाक. आधी त्या माणसाला, मग त्याच्या साहेबांना. उसवलेलं मला शिवता येतं, चुकीचं कापलेलं नाही. तुझं अजून उसवलेलंच आहे. त्याची नोकरी गेली की कापलं गेलं समज.

माझं मन काय म्हणतं ते लपवत नाही. सांगितलंस तर तुला हाकलतील, परत पाठवतील, आणि मला मनातून बरं वाटेल. तू जवळ येशील. म्हणून माझ्या सल्ल्यात माझा स्वार्थ आहे हे धरून चाल. तरी सल्ला तोच.

आणखी एक. अण्णांनी दारावर लावायला पाटी करून आणली आहे. 'दंतवैद्य' असं. रंगाऱ्याने दात म्हणून जे काढलंय ते मुळ्यासारखं दिसतं. अण्णा दिवसभर चष्मा पुसून पुसून तिच्याकडे बघतात.

माफी मागताना त्याच्यापासून हातभर लांब उभा राहा. नाही, नको. जवळच उभा राहा.

आत्या


२ जानेवारी

आत्या,

मी सांगणार नाही.

चिडू नकोस, माझं ऐक. सांगितलं तर तो ट्रामवर आणि मी गाडीत, घरच्या वाटेवर. माझी सप्टेंबरातली सगळी पत्रं आठव, मी काय लिहायचो? 'मला परत बोलव.' आता कोणी ओढून नेलं तरी पुलाच्या कठड्याला मिठी मारीन. काल डोंगराकडच्या शेवटच्या थांब्यावर गेलो होतो. तिथे एक म्हातारी रोज ट्रामच्या अंगावर काठी आपटून ती थांबवते, थांबा असला तरी. ट्रामवाला म्हणाला, 'बारा वर्षं मारतेय. नाही मारलं तर ड्रायव्हर उतरून तिच्या घरी चौकशीला जातो.' हे असलं शहर आहे. इथे माणसं एकमेकांना ढकलतात ते बाजूला करायला नाही, आहेस का बघायला. मला हे आता कुठे कळलं, आणि तू म्हणतेस सांग.

शिवाय प्रकरण आणखी बिघडलंय.

मी वेटरशी बोलायला गेलो होतो. देवाशप्पथ, नुसतं बोलायला. दुपारची वेळ, दुकान रिकामं. बाही वर करून दंड त्याच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, 'मित्रा, ही खूण ओळखीची वाटते?' त्याने खूण बघितली, मला बघितलं, आणि पहिल्यांदाच ओठ उघडून हसला. पिळवटलेला सुळा, शेजारी फट. म्हणाला, 'चव नव्हती तुला.'

मग बोलणं संपलं. मी त्याला बशी फेकून मारली, त्याच्या भुवईवर फुटली. त्याने माझे केस धरून डोकं टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मला टेबल दिसलंच नाही. मग मला फरफटत शेगडीकडे नेलं. किटली उकळत होती. माझी मान धरून तोंड तो वाफेवर दाबायला लागला, आणि आत्या, तेव्हा मी ओरडलो ते आपल्या भाषेत. आई गं म्हणून. तिथे कोणाला कळणार? पण ट्रामवाल्याला कळलं. मेण मागायला शाळेत चालला होता, आवाजावरून आत आला.

त्या माणसाला मारताना मी कधी बघितलं नव्हतं. नको बघायला. त्याने वेटरला मानेला धरून उचललं आणि भिंतीवर असा मारला की वरचे कप खाली आले. मग पोटात. मग पडल्यावर बुटाने बरगड्यांत, एकेक शब्द म्हणत. 'पोराला. हात. लावतोस.' बरगडी मोडल्याचा आवाज सुक्या काटकीसारखा येतो. वेटर उठायला गेला आणि शेगडीवर कोसळला, किटली त्याच्याच हातावर उलटली. त्याची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. मीच मधे पडून ट्रामवाल्याला ओढलं, नाहीतर तिथे खून झाला असता. माझ्यासाठी.

शुद्धीवर आल्यासारखा तो खाली बसला. गाल धरला. दात खाल्ले होते ना मारताना. कळ आली होती. मला म्हणतो, 'तुझ्याकडचं मेण दे रे.'

मी दिलं.

पोलिसांनी हेही त्याच्या नावावर लिहून घेतलं. डेपोतले साहेब म्हणतात, बघा, हा मुळातच मारकुटा, दाढ हे निमित्त. चौकशी पुढच्या महिन्यात.

मला आता मेण देतानाही त्याच्याकडे बघवत नाही. पण मी सांगणार नाही. तू पण लिहू नकोस की सांग.

उपद्व्यापी


११ फेब्रुवारी

तुझं पत्र नाही, त्याला महिना उलटला. तू लिहू नकोस म्हणालास म्हणून मीही गप्प राहिले. मशीन चालवताना प्रत्येक टाक्याला वाटतं, आता टपालवाला येईल.

तुझ्या तोंडाला भाजलंय का ते तू लिहिलंच नाहीस. वेटरचं लिहिलंस, ट्रामवाल्याचं लिहिलंस, स्वतःचं नाही.

सांगितलंस की नाही ते विचारत नाही. जिवंत आहेस एवढं एका ओळीत लिही.

आत्या


३ मार्च

आत्या,

जिवंत आहे. तोंडाला भाजलं होतं, डाव्या गालाची साल निघाली, आता नवी गुलाबी आलीय, आमच्या मेणासारखी. रूप होतं कुठे बिघडायला.

सांगितलं.

कसं झालं ते ऐक. चौकशीच्या दिवशी मी डेपोत नुसता बघायला म्हणून गेलो. लांब टेबल, तीन साहेब, एका बाजूला तो टकल्या, नाक कायमचं वाकडं, आणि समोर ट्रामवाला. दाढी करून, गणवेश इस्त्री करून आला होता. अंगावर गणवेश घालायची परवानगी नव्हती, म्हणून हातावर घडी घालून धरला होता. साहेबांनी विचारलं, 'काही म्हणायचं आहे?' तो म्हणाला, 'दाढ दुखत होती.' सगळे हसले. तो पुन्हा म्हणाला, 'खरंच दुखत होती.' आवाज असा, की शाळेत गृहपाठ हरवलेलं पोर बोलतं ना, तसा. एवढा धिप्पाड माणूस!

मला वाटतं मी उठलो नाही, माझे पायच उठले. इथली भाषा मला मोडकीतोडकीच येते, आणि घाबरलो की तीही जाते. मी म्हटलं, 'दाढ मी केली. वाईट केली. मुद्दाम.' त्यांना कळेना. मग मी दोन मुठी एकावर एक ठेवून जबडा करून दाखवला: सरळ मिटला तर ठीक, बाजूला सरकवला तर ठक्क. आणि साहेबांना म्हटलं, निळा कागद घालून टकटक करू नका, घासायला लावा. इकडून तिकडे. मास्तरांनाही साक्षीला बोलावलं होतं. त्यांनी खिशातून कागद काढला, ट्रामवाल्याला जबडा सरकवायला सांगितलं. तो कळवळून टेबल धरून खाली वाकला. कागदावर एकच ठिपका. भोक पडलेला.

ट्रामवाल्याने मला हळूच विचारलं, 'का?'

मी म्हटलं, 'मला वाटलं, तुम्ही मला चावलात.'

आत्या, साहेब हसून हसून खुर्चीतून घसरले. टकल्यासुद्धा नाक धरून हसला. ट्रामवाला नाही हसला. त्याने गणवेशाची घडी शेजारच्या खुर्चीवर नीट ठेवली, माझ्याजवळ आला, आणि मारलं. एकच. मी तू सांगितल्यासारखा जवळच उभा होतो. पुढचे दोन दात आतल्या आत तुटून जिभेवर आले, चणे आल्यासारखे. मी भिंतीला लागून खाली बसलो, शर्टावर रक्त. मधला साहेब लिहिणाऱ्याला म्हणाला, 'हे लिहू नका.'

नोकरी मिळाली त्याला परत. टकल्यानेच पहिली मान हलवली. वेटरने तक्रार मागे घेतली, कारण तक्रार ठेवली असती तर पुलाखालचं सगळं निघालं असतं.

शाळेने मला त्याच दिवशी काढलं. पण मास्तर म्हणाले, जायच्या आधी ही दाढ नीट करून जा. तोंडात हात घालायची आम्हाला परवानगी नसते, त्या दिवशी त्यांनी घालू दिला. ट्रामवाला खुर्चीत मागे रेलून तोंड उघडून पडला. मी आणि त्याचं उघडं तोंड. त्याने माझं मनगट धरलं होतं. म्हणाला, 'दुखलं तर मोडेन.' म्हणाला ते थट्टेने नाही. जुनी कॅप काढली, नवी केली, बसवली, घासली, पुन्हा घासली. त्याची बोटं माझ्या हाडात रुतलेली. आत्या, इतकं बारीक काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. शेवटी तो उठला. सरळ चावून बघितलं. डावीकडे सरकवून, उजवीकडे सरकवून. मग थुंकला आणि निघून गेला. माझ्याशी एक शब्द नाही. मनगटावर निळ्या बोटांचा ठसा आठवडाभर होता.

त्याने मला माफ केलं का? नाही केलं. समोर दिसला की मान फिरवतो.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. शाळेने घरच्या प्रवासाची व्यवस्था करून दिली होती. तारीख होती मागच्या सोमवारची. सामान बांधून मी निघालोही होतो. ट्राम कोर्टामागच्या वळणावर किंचाळली, मग एकदम नदी आली, आणि मी उतरलो. पेटी घेऊन तिथेच बसलो, अंधार होईपर्यंत. गाडी गेली.

इथे राहायचे माझे कागद वर्षाअखेरपर्यंत चालतात. कंडक्टरने, तोच कानाला टाके पडलेला, मला रुळांच्या टोळीत लावून दिलंय. सळई घेऊन रुळांच्या खाचेतला चिखल खरवडायचा. हात फुटलेत, पाठ मोडते, मुकादम शिवी दिल्याशिवाय हाक मारत नाही. आणि रोज सकाळी त्याची ट्राम येते. मी वाकलेला असतो. तो घंटा वाजवत नाही. लांबून सगळ्यांना वाजवत येतो, माझ्याजवळ आला की हात आखडतो. पार पाठीशी येतो, चाकांची गरमी पोटरीला लागते, आणि मग खणखण! मी बेडकासारखा उडी मारून चिखलात. अख्खी ट्राम हसते. तो समोर बघत असतो. टोळीतले म्हणतात, हा तुला एक दिवस मारणार. मारेलही, सांगता येत नाही. पण परवा त्याची सुट्टी होती, दुसराच ड्रायव्हर शंभर पावलांवरून शहाण्यासारखी घंटा वाजवत आला, आणि मला दिवसभर काही गोड लागलं नाही.

अण्णांना सांग, परीक्षा पुढे गेली. काहीही सांग, तुला माझ्यापेक्षा चांगलं खोटं बोलता येतं. मला हाकललं हे सांगू नकोस, दात पडले हे सांगू नकोस. आणि गाडी चुकली नव्हती, मीच सोडली, हे तर स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलू नकोस. तू मला जवळ बोलावत होतीस, तुझ्याच पाया पडून तुलाच गप्प राहायला सांगतोय, मला लाज वाटते. तरी सांगतो. हे वाच, शेगडीत घाल आणि मशीन चालव. कुणी विचारलं तर म्हण, पोरगं उत्तम आहे.

आत्या, तुझी शपथ, माझी शपथ, कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस गं.

उपद्व्यापी